शेवटची नोंद धरावी

“भोंगा वाजल्याशिवाय जागचं हलायचं नाही! कळलं का?” उपअभियंता पाटणकर काठावरून ओरडले.

खाली नदीच्या कोरड्या पात्रात कलिंगडाच्या वेलांमध्ये उकिडवी बसलेली अंजिराबाई भोई मान वर न करता म्हणाली, “कळलं की. किती येळा सांगशीला? मी काय शाळंत हाय?”

काठावरच्या बायका हसल्या. पाटणकरही हसले.

दुरुस्ती: पाटणकर हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “हुपरीकर, तुमचं यंत्र तयार आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो.

हसण्यासारखं काम नव्हतंच. हिवाळ्यात नदी आटली की बोरजाईची भोई मंडळी पात्रातल्या वाळूत आळी करून कलिंगडं लावायची. किती पिढ्या, कुणाला माहीत. कुणी परवानगी घेतली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. पण खालच्या गावांना पाणी द्यायला फाल्गुनात धरणाचे दरवाजे उघडायचे, आणि त्या वर्षी खात्याच्या मनात आलं की पात्रात माणसं असणं धोक्याचं. एक तर बागा उठवा, नाही तर भोंगा वाजल्यावर माणूस वेळेत वर येतो हे दाखवा. आजची चाचणी त्यासाठी होती. पात्राच्या मधोमध एक माणूस बसवायचा, वरून खरं पाणी सोडायचं, भोंगा वाजला की माणसानं उठून काठावर यायचं. आला तर सगळ्या घरांना परवानगी. नाही तर उद्या सकाळी यंत्र लावून पात्र साफ.

सगळ्या घरांच्या वतीनं अंजिराबाई बसली होती. “मी बसते. बाकीची घाबरट हायती,” ती म्हणाली होती.

खांबावरचा भोंगा आमच्या कंपनीचा. त्याखालच्या पत्र्याच्या पेटीतला कोड आता तेजस्विनीचा. आधी माझा होता.

*

तेजस्विनी बिरनाळे तेव्हा पंचविशीची असेल. पेटीचं दार उघडून आतला हिरवा दिवा ती पुन्हा पुन्हा बघत होती.

“दिवा लागलेला आहे, तेजस्विनी. तो बघून जास्त लागणार नाही.”

“सर, तुम्हाला राग आलाय का हो अजून?”

“कसला?”

“तुमचा कोड काढला त्याचा.”

“अकरा वर्षं चालला तो. मी दमलो, तोही दमला असेल.”

“एक विचारू? त्या कोडमध्ये मी आठवडाभर एखादी टीप शोधत होते, काय चाललंय ते कळावं म्हणून. एकच सापडली. ‘हे असंच राहू द्या.’”

“मग? राहू दिलं नाहीस ना?”

ती खरंच हसली. ही नोंद दुरुस्त करावी लागणार नाही.

काम असं होतं. धरणावरच्या संगणकातून पेटीकडे मजकूर यायचा. महिरपी कंस उघडायचा, मग जोड्या: नाव आणि किंमत, नाव आणि किंमत. पातळी इतकी, विसर्ग इतका, म्हणजे दरवाज्यातून किती पाणी सुटतंय ते. मग कंस बंद. पेटीनं तो मजकूर वाचायचा, त्यातून विसर्ग काढायचा आणि तो शून्याहून जास्त असेल तर भोंगा वाजवायचा. पेटीतली चिप एवढीशी, स्मृती त्याहून एवढीशी, म्हणून सगळं सी या जुन्या, काटकसरी संगणकी भाषेत. मी ते हातानं लिहिलं होतं. एक अक्षर घ्यायचं, बघायचं, पुढे जायचं. मागे वळायचं नाही.

दिवाळीत धरणावर नवा संगणक आला. आता मजकुरात प्रत्येक दरवाज्याचा वेगळा कंस, कंसाच्या आत कंस. माझा कोड दुसऱ्या कंसाशी जाऊन गोंधळायचा. मी दोन दिवस बसलो, डोळे चोळले आणि उठलो. तेजस्विनीनं एक लायब्ररी आणली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला कोड, आपण उचलून वापरायचा. ही फुकट होती, जगभर वापरली जाणारी. कितीही कंस येऊ देत, ती सगळं उलगडून झाडासारखं मांडून द्यायची. तुम्ही फक्त नाव सांगायचं. ‘विसर्ग’ म्हणा, विसर्ग हातात.

तिनं कार्यालयात शेकडो मजकूर त्यातून घालून बघितले. एकही चुकला नाही. मीच सही केली.

*

सकाळ सरत गेली. पाणी कधी सुटणार हे आम्हाला माहीत नव्हतं. ती पाटणकरांची अट होती.

“आधी सांगितलं तर परीक्षा कसली?” ते म्हणाले होते. “मी धरणावर सांगून ठेवलंय, सकाळी तुमच्या मर्जीनं सोडा. आम्हाला फोन करायचा नाही. भोंगाच सांगेल.”

धरणावर नलवडे होते. संगणकावर बसणारे, दरवाजे उघडायला लावणारे, सगळ्या खोऱ्याचे नलवडे मामा. पाणी सुटल्यापासून बोरजाईला पोहोचायला साधारण तासभर लागतो.

ऊन चढलं. काठावरच्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले. पाटणकर जीपच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. खाली अंजिराबाईनं आळ्यातलं गवत उपटायला सुरुवात केली.

“बाई, काम करू नका! बसून राहा!”

“बसून काय करू? अंडी घालू?”

बायका पुन्हा हसल्या. या वेळी पाटणकरही.

मग तिचा फोन वाजला. कमरेचा फोन काढून ती थोडंसं बोलली. काय बोलली ते वरून ऐकू आलं नाही. फोन पुन्हा कमरेला खोचून तिनं उभं राहून एकदा वरच्या अंगाला, नदी वळते तिकडे बघितलं. मग खांबाकडे बघितलं. मग परत बसली.

“नवरा असेल,” तेजस्विनी म्हणाली. “जेवायला काय आहे विचारत असेल.”

मी बाभळीला टेकून डोळे मिटले. मला वाटतं मला झोप लागली.

दुरुस्ती: झोप लागली.

*

माझ्या फोनच्या आवाजानं जागा झालो आणि झोपेतच स्पीकर लावला. नलवडे.

“हुपरीकर सायेब, फोन करू नगा म्हणलंय पाटणकर सायबांनी, तरी करतोय. भोंगा झ्याक वाजला न्हवं?”

“कुठं वाजला? वाट बघतोय आम्ही. कधी सोडताय पाणी?”

पलीकडचा आवाज एकदम चढला. “आवो, सोडून तास होत आला! दोन दरवाजं उघडल्यात! अंजिरा वर आली का?”

“खालीच आहे ती.”

“आँ? आवो, मी तिला लगीच फोन केला हुता! पाणी सोडलंय, वर जा म्हणून सांगितलं. व्हय मामा म्हणाली मला!”

वर मी लिहिलं आहे की पाणी कधी सुटणार हे आम्हाला माहीत नव्हतं.

दुरुस्ती: आम्हाला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

*

मी पळालो.

दुरुस्ती: तेजस्विनी पळाली. मी माझे गुडघे घेऊन मागून गेलो. काठाची उतरण घसरत ती वाळूत पोहोचली, चपला वाळूत रुतल्या तशी त्या टाकून पुढे गेली.

“ओ मॅडम! चाचणी चालू आहे!” पाटणकर खुर्चीतून उठून ओरडले. “पात्रात जाऊ नका! चाचणी बिघडेल!”

“पाणी सुटलंय साहेब!” मी वळून ओरडलो.

“मग भोंगा?”

मी तसाच पुढे निघालो.

मी मधोमध पोहोचलो तेव्हा दोघींची झटापट चालली होती. तेजस्विनी तिचा दंड धरून ओढत होती आणि अंजिराबाई वाळूत पाय रोवून बसलेली.

“मावशी उठा! पाणी येतंय!”

“ठावं हाय मला. भोंगा वाजला का?”

“वाजला! वाजला ना!”

“मला काय भैरी समजती? न्हाई वाजला. सोड हात.”

“अहो, भोंगा बिघडलाय!” मी म्हणालो.

“मग नीट करा जावा! मी हितं बसते. वाजला की येते.” तिनं माझ्याकडे बघितलं आणि आवाज उतरवला. “सायेब, त्यांनी काय सांगितलंय ऐकलं न्हाईसा? वाजायच्या आदी उठलं तर नापास. वीस घरं हायती माझ्यामागं. मी उठले, अन् उद्या यंत्र आलं, तर मला गावात कोन ऱ्हाऊ दील?”

“बुडालात तर कोण पास करणार आहे तुम्हाला?” मी म्हणालो.

“अजून आलंय कुठं पाणी.”

“मामांनी फोन केला ना तुम्हाला?” तेजस्विनीनं तिचा दंड सोडला नव्हता. “दर वेळी वर येता ना? मग आजच का?”

“दर येळी येतो की. भोंगा ऐकून कोन निघतंय? मामाचा फोन आला की आमी पोरंबाळं घिऊन वर, च्या पितो, मग कवातरी तुमचा भोंगा वाजतो.” ती खांबाकडे बघून म्हणाली, “पर आज फोनला परवानगी न्हाई. आज भोंग्याला हाय.”

अकरा वर्षं. मला आठवतं, मी वाळूत उभा होतो आणि मला फक्त बसावंसं वाटत होतं.

पाणी लाटेसारखं आलं नाही. आधी वरच्या अंगाची वाळू काळी पडली. मग आळ्यांमधून एक चकचकीत पातळ जीभ सरकत आली, वेलांखाली शिरली, पानं एकदम हलली. तेव्हा कुठे अंजिराबाई उठली. उठताना तिनं दोन कलिंगडं वेलावरून पिरगाळून तोडली, अजून कच्चीच होती ती, आणि काखेत मारली. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. काठाशी येईस्तोवर गुडघ्याच्या वर गेलं होतं. मी पडलो तेव्हा तिनंच मला शर्टाच्या कॉलरला धरून वर काढलं, त्यासाठी एक कलिंगड सोडून देऊन.

एरवी एकच दरवाजा उघडायचा आणि पाणी पलीकडच्या काठानं निघून जायचं; आज दोन होते. वीस घरांच्या बागा पाण्याखाली जाताना काही आवाज झाला नाही. हिरवं होतं तिथे मातकट झालं.

“न्हाई वाजला,” अंजिराबाई पाटणकरांना म्हणाली. ओल्या लुगड्यातून पाणी गळत होतं. “मी बसले हुते. ह्यांनी उठीवलं मला. नापास करू नगा.”

*

पाटणकरांनी जीपच्या टपावर हात आपटला.

“काय लिहू मी आता? सांगा. पाणी आलं आणि भोंगा वाजला नाही. एकच ओळ. यंत्रणा निकामी, पात्रात लागवडीस मनाई. दुसरं काय लिहू?”

“थांबा जरा,” मी म्हणालो.

“किती थांबू? एक बाई वाहून जात होती माझ्यासमोर!”

“तुम्हीच बसवलं होतं तिला,” तेजस्विनी म्हणाली. ती भिजल्या कपड्यांत बॉनेटवर लॅपटॉप उघडून पेटीला जोडत होती.

पाटणकरांनी टपावरचा हात काढून घेतला. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याही घरी कुणी तरी जेवायला वाट बघत असेल.

मजकूर आलेला होता. पेटीनं तो वाचलाही होता, अक्षर न् अक्षर. कंस जुळत होते. लायब्ररीनं कुठलीही चूक दाखवली नव्हती. विसर्ग: शून्य.

“शून्य कसा?” तेजस्विनी पुटपुटली. “दोन दरवाजे उघडे आहेत.”

मी नलवड्यांना फोन लावला. “मामा, विसर्ग शून्य कुठून पाठवलात?”

“शून्य? तो सकाळचा असंल. पाळी सुरू झाली की पयला शून्यच टाकतो मी, रोजच्यावानी. मग दरवाजं उघडल्यावर चोवीसशे टाकला.”

“शून्य खोडून चोवीसशे टाकला ना?”

“खोडून?” त्यांना ते शिवी दिल्यासारखं लागलं. “सायेब, तीस वर्सं रजिस्टर लिवलंय मी. खोडायचं न्हाई! बदललं तर खाली नवी ओळ. शेवटची नोंद धरावी, ही रीत हाय. संगणकात पण तसंच करून दिलंय आमाला, ‘नवी ओळ’ म्हणून बटनच हाय.”

तेजस्विनीनं मजकूर वर सरकवला. विसर्ग: शून्य. मग पातळी, दरवाजे, कंसात कंस. आणि अगदी तळाशी, पुन्हा एकदा, विसर्ग: चोवीसशे.

एकाच मजकुरात एकच नाव दोनदा. लायब्ररीला नाव सांगितलं की ती वरून शोधत येते, पहिलं सापडलेलं हातात देते आणि थांबते. तिचं काही चुकलं नव्हतं. लिहिणाऱ्यानं कुठल्या तरी देशात बसून धरून चाललं असणार की एक नाव एकदाच येतं. त्याला नलवडे मामा कसे माहीत असणार.

“मग तुमच्या जुन्या कोडला कसं कळायचं, सर?” तेजस्विनीनं विचारलं. “तुम्हाला ही रीत माहीत होती?”

“नव्हती.”

“मग?”

“नाव आधी येऊन गेलंय का ते तपासायचा मला कंटाळा आला होता. येईल ते आधीच्यावर लिहीत जायचो. शेवटचं उरायचं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग परत लॅपटॉपकडे वळली.

नाव सांगून मागण्याऐवजी एकेक जोडी चालत जायची आणि विसर्ग दिसेल तेव्हा आधीचा टाकून नवा धरायचा. दहा-बारा ओळी. तिनं त्या लिहिल्या, मी शेजारी उभा राहून वाचल्या, दोघांनीही पुन्हा वाचल्या. मागे पाटणकर येरझारा घालत होते. काठावरच्या बायका एकीमागून एक उठून पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहत होत्या, आपापली बाग कुठे होती ते हातानं दाखवत होत्या.

“मामा,” मी फोनवर म्हणालो, “तोच मजकूर परत पाठवा. जसा आहे तसा.”

“दोन्ही ओळींसकट?”

“दोन्ही ओळींसकट.”

भोंगा वाजला.

इतक्या जवळून तो मी कधी ऐकला नव्हता. बाभळीवरचे बगळे उडाले. एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. नदी भरून वाहत होती आणि भोंगा तिला सांगत होता की नदी येते आहे.

पाटणकर थबकले. त्यांनी भोंग्याकडे बघितलं, मग रिकाम्या पात्राकडे, म्हणजे पाण्याकडे. मला त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी जुळताना दिसलं. ते माझ्या कानाशी येऊन ओरडले.

“भोंगा आत्ता वाजतोय, बरोबर?”

“हो!”

“आणि आत्ता पात्रात कोणी आहे?”

“आत्ता? नाही!”

“एकही माणूस नाही?”

“नाही!”

“मग झालं तर!” त्यांनी पेन काढलं. “भोंगा वाजल्यानंतर पात्रात राहिलेल्या व्यक्ती: एकही नाही. चाचणी यशस्वी. हुपरीकर, इथे कंपनीची सही. बाई, तुम्ही इकडे या, सर्वांच्या वतीनं इथे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मस्करी करत नव्हते. ते मला डोळ्यांनीच सांगत होते, ‘मला याहून चांगलं काही करता येत नाही, तेव्हा सही करा.’ मी केली. तेजस्विनी जीपच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

अंजिराबाईनं कलिंगड खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं.

“अभिनंदन!” पाटणकर भोंग्यावर आवाज चढवून म्हणाले. “पास झालात! पुढच्या हंगामापासून बिनधास्त लावा. कोणी उठवणार नाही.”

“अन् ह्या वर्साचं?” तिनं पाण्याकडे हात केला. “ह्येची भरपाई?”

“ह्या वर्षीची कशी मिळेल?” ते खरोखरच कळवळून म्हणाले. “ह्या वर्षी तुम्हाला परवानगी नव्हतीच ना! कागदावर ह्या वर्षी पात्रात कोणी नाहीच.”

तिनं ते ऐकलं. बाकीच्या बायका जवळ सरकल्या होत्या.

“मग सायेब,” तिनं ओरडून विचारलं, “सकाळधरनं मी खाली कोन म्हणून बसले हुते?”

तेजस्विनी पेटीकडे धावली, भोंगा बंद करायला. मी मान हलवली. तो हातानं बंद होत नाही. विसर्गाची नवी ओळ शून्याची येईपर्यंत वाजत राहतो.

पाटणकरांनी पेनाला टोपण लावलं आणि तिच्याकडे वळून, आवाज न चढवता, काही तरी उत्तर दिलं. बरंच मोठं असावं. त्यांचे ओठ हलत होते, हातही हलत होते. भोंग्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.